हार्मोनियमचा भाता आणि पडद्यावरील फेडर



हार्मोनियम वाजविणाऱ्या मनुष्याच्या दोन हातांकडे आपण कधीं लक्षपूर्वक पाहिलें आहे काय? उजवा हात पट्ट्यांवर फिरत असतो. कोणता स्वर निघावयाचा हें तो ठरवितो. डावा हात भात्यावर असतो. त्या स्वराच्या अंगीं किती प्राण असावयाचा हें तो ठरवितो. ऐकणाऱ्याचें लक्ष बहुधा उजव्या हाताकडे असतें आणि वाहवाहि त्यालाच मिळते. परंतु गायकाची तान संपून तो समेवर विसावूं लागला कीं साथीचा आवाज आपोआप ओसरतो, आणि अंतऱ्याच्या पहिल्या शब्दाबरोबर तो पुन्हां हळूहळू भरूं लागतो, तें सारें काम डाव्या हाताचें होय.

आज शहरांतील पुष्कळ घरांत हार्मोनियमच्या शेजारीं संगणकहि येऊन बसला आहे. घरांतील मुलगी अभंग म्हणते. तिच्या आवाजामागें सॉफ्टवेअरमधील व्हायोलिनांचा ताफा, बासरी आणि तानपुरा यांची साथ भरून गीत घरींच ध्वनिमुद्रित होतें. स्वर चोख असतात, तालहि चोख असतो. तरीहि वडील मंडळींना कांहीं तरी उणें वाटतें. व्हायोलिनें सुरांत असूनहि भिंतीवरील चित्राप्रमाणें निश्चल भासतात. "यंत्रच तें, त्याला जीव कोठला?" असा निकाल मग दिला जातो. हा निकाल घाईचा आहे, एवढेंच मला आज आपणांस सांगावयाचें आहे. तेथें उणीव असते ती बहुतेक वेळां यंत्राची नसून डाव्या हाताची असते. पट्ट्या दाबल्या गेल्या, पण भाता कोणी चालविलाच नाहीं! हा भाता संगणकाच्या पडद्यावर मिळतो. त्यास फेडर म्हणतात. तो कसा जोडावा, कसा जुळवावा आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हा आजच्या भाषणाचा विषय होय.

प्रथम हीं वाद्यें आणि संगणक एकमेकांशीं कोणत्या भाषेंत बोलतात तें पाहूं. १९८० च्या सुमारास विजेवर चालणारीं स्वरवाद्यें अनेक कंपन्या करीत होत्या. परंतु एकीचें वाद्य दुसरीच्या वाद्याशीं सहसा जोडतां येत नसे. ही अडचण दूर करण्यासाठीं अमेरिकेंतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील रोलंड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनीं पुढाकार घेतला. जानेवारी १९८३ मध्यें कॅलिफोर्नियांत भरलेल्या वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनांत या दोघांच्या कंपन्यांचीं वाद्यें तारेनें जोडून दाखविण्यांत आलीं, आणि एकाच्या पट्ट्या दाबतांच दुसरें वाजूं लागलें. ह्या सामाईक भाषेला मिडी असें नांव आहे. या कामगिरीबद्दल दोघांनाहि २०१३ सालीं ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार देण्यांत आला.

मिडीच्या तारेंतून आवाज वाहत नाहीं, ही गोष्ट पक्की ध्यानांत ठेवली पाहिजे. पंडित भातखंडे यांच्या लिपींत लिहिलेली बंदिश कागदावर मूक असते. ती गळ्यांतून आली म्हणजे तिचें गाणें होतें. मिडीचा संदेशहि तसाच मूक असतो. त्यांत केवळ आंकडे असतात. फेडरकडून जाणारा सामान्य संदेश तीन भागांचा असतो. "हा नियंत्रणाचा संदेश आहे आणि तो अमुक चॅनेलसाठीं आहे," हें पहिला भाग सांगतो. असे चॅनेल सोळा आहेत. कोणतें नियंत्रण, त्याचा क्रमांक दुसऱ्या भागांत असतो. तें नियंत्रण किती, हा आंकडा तिसऱ्या भागांत असतो, आणि तो ० पासून १२७ पर्यंतच असूं शकतो.

१२७ च कां, असा प्रश्न साहजिकच सुचेल. संदेशाचा प्रत्येक भाग शून्य किंवा एक अशा आठ खुणांचा बनलेला असतो. त्यांपैकीं पहिली खूण "येथें नवा संदेश सुरू झाला कीं मागच्याचाच मजकूर चालूं आहे" हें ओळखण्यासाठीं राखून ठेविली आहे. उरलेल्या सात खुणांनीं १२८ च संख्या लिहितां येतात. शून्य धरून मोजलें म्हणजे शेवटची १२७ येते. मूळच्या मिडी तारेंतून सेकंदास ३१,२५० खुणा जातात, म्हणजे तीन भागांचा एक संदेश पोंचण्यास सुमारें एक सहस्रांश सेकंद लागतो. कानाला हा विलंब जाणवत नाहीं. मात्र १२८ पायऱ्यांची ही मर्यादा पुढें आपल्याला दोन ठिकाणीं भेटणार आहे.

आतां फेडरकडे वळूं. ध्वनिमुद्रणाच्या खोलींत, किंवा आकाशवाणीच्या स्टुडिओंत, टेबलावर ओळीनें सरकत्या मुठी बसविलेल्या असतात. मूठ वर सरकविली कीं आवाज वाढतो, खालीं ओढली कीं कमी होतो. पडद्यावरील फेडर हें तिचेंच चित्र होय. परंतु टेबलावरच्या मुठीला जी तार जन्मतःच जोडलेली असते, ती ह्या चित्राला नसते. तें कोऱ्या पाटीसारखें असतें. म्हणून त्याला पांच गोष्टी सांगाव्या लागतात: कोणत्या जातीचा संदेश पाठवावयाचा, कोणत्या चॅनेलवर, कोणत्या क्रमांकाचें नियंत्रण, किती आंकड्यापासून किती आंकड्यापर्यंत, आणि तो संदेश कोणाच्या हातीं द्यावयाचा. ह्या पांच प्रश्नांचीं उत्तरें देणें म्हणजेच फेडरची जुळणी. सॉफ्टवेअर कोणतेंहि असो, खिडक्यांचीं आणि बटणांचीं नांवें बदलतात. हे पांच प्रश्न बदलत नाहींत.

यांतील तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे क्रमांकावर, थोडें थांबलें पाहिजे. कारण बहुतेक घोटाळा येथेंच होतो. कांहीं क्रमांकांचे अर्थ सर्वत्र ठरलेले आहेत. १ हा पट्ट्यांच्या डाव्या बाजूस असलेल्या मॉड्युलेशनच्या चाकाचा. ७ हा आवाजाच्या पातळीचा. १० हा आवाज डावीकडून ऐकूं यावा कीं उजवीकडून, याचा. ११ हा भावाभिव्यक्तीचा. यास इंग्रजींत एक्सप्रेशन म्हणतात. ६४ हा स्वर लांबविणाऱ्या पायपट्टीचा.

नवीन माणूस फेडर जोडूं लागला कीं त्याच्या मनांत प्रथम येतो तो ७, कारण "आवाज कमीजास्त करावयाचा आहे" एवढेंच त्याला ठाऊक असतें. वस्तुतः ७ आणि ११ हीं दोन निरनिराळ्या माणसांचीं कामें आहेत. गवयाला मायक्रोफोनपासून किती अंतरावर बसवावें, तबला किती जवळ घ्यावा, तानपुरा किती मागें ठेवावा, हें ध्वनिमुद्रण करणारा एकदां ठरवितो. क्रमांक ७ हें त्याचें काम. गवई मग त्याच जागीं बसून एक ओळ दबल्या आवाजांत म्हणतो आणि दुसरी मोकळ्या गळ्यानें म्हणतो. क्रमांक ११ हें त्याचें काम. वाद्य ह्या दोन्ही आंकड्यांचा एकमेकांशीं गुणाकार करून अखेरचा आवाज ठरवितें. म्हणून ७ एकदां ठरवून, समजा १०० वर, स्थिर ठेवावा, आणि गाण्याचा चढउतार सारा ११ वर करावा. असें केलें म्हणजे पुढें व्हायोलिनें एकंदरींत थोडीं मागें घ्यावींशीं वाटलीं, तर केवळ ७ चा आंकडा खालीं आणल्यानें काम होतें. वादनांतील चढउतार जसाच्या तसा राहतो. दोन्हीं कामें ७ वरच केलीं असतील, तर एवढ्याशा बदलासाठीं सर्व चढउतार पुन्हां रेखाटावा लागतो.

येथें क्रमांक १ विषयींहि एक सूचना केली पाहिजे. खऱ्या वादकांकडून प्रत्येक स्वर हळू, मध्यम आणि जोरानें वाजवून घेऊन जे ध्वनिसंच तयार करतात, त्यांतील पुष्कळ संचांत मॉड्युलेशनचा क्रमांक १ हा ह्या मुद्रणांपैकीं कोणतें ऐकूं यावें हें ठरवितो. व्हायोलिनवर गज दाबून ओढला तर स्वर नुसता मोठा होत नाहीं, त्याचा पोतहि बदलतो. तो बदल १ आणतो. नुसती पातळी ११ आणतो. अशा संचांसाठीं दोन फेडर शेजारीं शेजारीं मांडावे आणि दोन बोटांनीं ते बरोबर चालवावे.

प्रत्यक्ष जुळणी कशी होते, हें एका उदाहरणानें सांगतों. ॲपल कंपनीचें लॉजिक प्रो हें सॉफ्टवेअर मूळ जर्मनींतील एमॅजिक ह्या कंपनीचें. ती कंपनी ॲपलनें २००२ सालीं विकत घेतली. त्यांत एन्व्हायर्नमेंट नांवाची एक खिडकी आहे. तेथें तारा, वाद्यें आणि फेडर यांचीं चित्रें मांडून त्यांस एकमेकांशीं रेघांनीं जोडतां येतें. ह्या खिडकीच्या अनेक थरांपैकीं क्लिक्स अँड पोर्ट्स हा थर निवडावा. तेथें दोन चित्रें दिसतील. एक बाहेरच्या वाद्यांकडून येणाऱ्या संदेशांचें प्रवेशद्वार. दुसरें ध्वनिमुद्रणाच्या वहींत शिरण्याचें द्वार, ज्यास सीक्वेन्सर इनपुट म्हणतात.

आतां नवीन वस्तूंच्या यादींतून उभा फेडर निवडावा. त्यावर एकदां टिचकी मारली कीं बाजूस त्याचा तपशील उघडतो. बाहेर जाणाऱ्या संदेशाची जात म्हणून कंट्रोल, चॅनेल म्हणून १, आणि क्रमांक म्हणून ११ लिहावा. मर्यादा ० ते १२७ अशी दिलेली असते. ती मी ३० ते १२७ करण्याचें सुचवीन. हार्मोनियम वाजवितांना भात्यांतील हवा कोणी पूर्ण संपूं देत नाहीं. तशीच फेडरलाहि तळाशीं थोडी शिल्लक ठेवावी, म्हणजे बोट चुकून खालीं गेलें तरी स्वर मध्येंच मुका होत नाहीं. आंत येणाऱ्या संदेशासाठींहि अशीच एक जागा असते. तेथें कंट्रोल आणि क्रमांक १ लिहिला, आणि बाहेरच्या संदेशांच्या प्रवेशद्वारापासून फेडरपर्यंत रेघ ओढली, तर की-बोर्डाचें चाक फिरवितांच पडद्यावरचा फेडर हलेल आणि त्यांतून ११ बाहेर पडेल. ज्यांच्याजवळ चाकावांचून दुसरें साधन नाहीं, त्यांना अशा रीतीनें एक भाता फुकट मिळतो. शेवटीं फेडरच्या उजव्या कोपऱ्यांतील लहान त्रिकोणापासून एक रेघ ओढून ती सीक्वेन्सर इनपुटला जोडावी. जोडणी बरोबर झाली कीं नाहीं, हें डोळ्यांनीं पाहावयाचें असल्यास मॉनिटर नांवाचें चित्र त्याच रीतीनें फेडरला जोडावें. फेडर हलवितांच ११ आणि त्यापुढें बदलते आंकडे त्यांत उमटूं लागतील. ते उमटले नाहींत तर दोष वाद्यांत शोधूं नये, तो रेघेंत किंवा तपशिलांत आहे. ते उमटूनहि आवाजांत फरक पडला नाहीं, तर चॅनेल चुकला आहे, किंवा त्या वाद्याला ११ ची भाषा समजत नाहीं. एवढ्या एका तपासणीनें निम्मा त्रास वांचतो.

जुळणी झाल्यावर कान काय सांगतो तें पाहूं. फेडर मधोमध, म्हणजे ६४ वर आणला तर आवाज निम्मा होईल, असें वाटतें. तसें होत नाहीं. ७ आणि ११ या दोन्ही क्रमांकांसाठीं जें शिफारस केलेलें गणित आहे, त्याप्रमाणें १२७ वरून ६४ वर येतांना आवाज सुमारें १२ डेसिबलांनीं उतरतो, आणि कानाला तो अर्ध्याहूनहि कमी वाटतो. त्याच गणितानें १२७ वरून १२६ वर येतांना डेसिबलाचा सुमारें सातवा भाग उतरतो, तो कोणालाहि कळणार नाहीं. पण २ वरून १ वर येतांना पुन्हां १२ डेसिबलांची उडी पडते. म्हणजे ह्या जिन्याच्या वरच्या पायऱ्या अगदीं लहान, आणि तळाच्या पायऱ्या पुरुषभर उंच. म्हणून गाण्याचा शेवट हळूहळू विरत न्यावयाचा असेल, तर तो मिडीच्या फेडरवर करूं नये. तेथें पायऱ्या ऐकूं येतात. तें काम सॉफ्टवेअरमधील प्रत्यक्ष ध्वनीच्या फेडरवर सोपवावें, कारण त्याला १२८ पायऱ्यांचें बंधन नसतें.

व्यवहारांत आणखी तीन अडचणी हमखास येतात. पहिली, टेबलावर खरी मूठ असेल आणि पडद्यावर तिचें चित्र असेल, तर दोघांच्या जागा जुळत नाहींत. पडद्यावर १०० असतां हातांतील मूठ तळाशीं असली, तर तिला स्पर्श होतांच आवाज एकदम खालीं कोसळतो. यावर उपाय सॉफ्टवेअरमध्यें असतो. एबलटन लाइव्हमध्यें त्यास टेकओव्हर म्हणतात. त्यांतील पिकअप हा प्रकार निवडला, म्हणजे मूठ पडद्यावरील जागेपर्यंत येऊन पोंचेपर्यंत तिचें कांहीं चालत नाहीं, आणि पोंचल्यावर मगच ती ताबा घेते. धांवत्या बैलगाडीबरोबर चार पावलें धांवून मग वर चढावें, तसाच हा प्रकार.

दुसरी अडचण, गाणें मध्यापासून वाजविलें कीं आवाज चुकीचा लागतो. फेडरचा संदेश एकदां जातो, आणि वाद्य तो शेवटचा आंकडा धरून बसतें. गाण्याच्या शेवटीं आवाज ४० वर उतरला असेल आणि आपण पुन्हां अंतऱ्यापासून सुरुवात केली, तर वाद्य ४० वरच राहील. मागील संदेश शोधून ते आधीं पाठविण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्यें असते. तिला चेस म्हणतात. ती चालूं ठेवावी, आणि शिवाय प्रत्येक वाद्याच्या आरंभीं ७ आणि ११ यांचे आंकडे स्पष्ट लिहून ठेवावे. तिसरी अडचण दोन धन्यांची. क्रमांक ७ गाण्यांत लिहून ठेविला आहे आणि त्याच वाद्याची मिश्रणपटावरील मूठहि तोच क्रमांक चालविते, असें असल्यास हातानें केलेला बदल पुढच्या मात्रेला पुसला जातो. हात हलतो आणि आवाज जुन्या जागीं जातो, असें दिसलें कीं हीच शंका घ्यावी.

एवढ्यानें भात्याचा प्रश्न सुटला. पण आपल्या संगीताचा दुसरा प्रश्न उरतोच, तो मींडेचा. १२८ पायऱ्यांची मर्यादा येथें दुसऱ्यांदा आडवी येते, आणि अधिक जाचते. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पितात. त्यांस सेंट म्हणतात. स्वर एक सप्तक वर आणि एक सप्तक खालीं ओढतां यावा, असें ठरवून तें काम साध्या फेडरवर दिलें, तर २४०० सेंट १२८ पायऱ्यांत वांटले जातील आणि एकेक पायरी सुमारें १९ सेंटांची होईल. आपल्याकडील सर्वांत लहान श्रुति सामान्यतः सुमारें २२ सेंटांची मानतात. म्हणजे मींड न होतां ती जवळजवळ श्रुतीएवढ्या ठेंगण्या पायऱ्यांवरून उतरणें होईल!

ह्याची जाणीव मिडी रचणारांना होतीच. म्हणून स्वर ओढण्यासाठीं पिच बेंड ही संदेशाची जातच निराळी ठेविली आहे. तींत सात सात खुणांचे दोन भाग एकत्र करून १६,३८४ पायऱ्या केल्या आहेत. तेच २४०० सेंट आतां त्यांत वांटले, कीं पायरी एका सेंटाच्या सातव्या भागाएवढी होते, आणि कोणत्याहि कानाला ती सलग मींड वाटते. म्हणून मींडेसाठीं फेडर करावयाचा, तर आपल्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर कंट्रोल असें न देतां पिच बेंड असें द्यावें, आणि तो फेडर पूर्ण १६,३८४ पायऱ्या पाठवितो कीं नाहीं हें पाहून घ्यावें. त्याची विश्रांतीची जागा मध्यावर, ८१९२ वर, असते. मींड संपतांच तो तेथें परत आलाच पाहिजे, नाहीं तर पुढील सर्व स्वर बेसूर होतील. आणखी एक पथ्य आहे. पिच बेंड साऱ्या चॅनेलला एकदम ओढतो. बासरी आणि तानपुरा एकाच चॅनेलवर असले, तर बासरीच्या मींडेबरोबर तानपुऱ्याचा षड्जहि घसरेल. षड्ज तर अचल राहिला पाहिजे. म्हणून तानपुऱ्याला नेहमीं स्वतंत्र चॅनेल द्यावा. २०२० सालीं संमत झालेल्या मिडीच्या दुसऱ्या आवृत्तींत साध्या नियंत्रणालाहि चार अब्जांहून अधिक पायऱ्या मिळाल्या आहेत आणि एकेक स्वर निरनिराळा ओढण्याची सोय झाली आहे. परंतु घराघरांतील पुष्कळशीं वाद्यें अजून पहिल्याच आवृत्तीवर चालतात, तेव्हां हीं पथ्यें पाळावींच लागतात.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करून शेवटीं नक्कलच ना? याला उत्तर हार्मोनियमच्या इतिहासांत सांपडतें. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमला आपल्या कार्यक्रमांतून वर्ज्य केलें, आणि ती बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. तिच्यावरील आक्षेप खोटे नव्हते; तिच्या पट्ट्या ठराविक स्वरांच्या आणि तिला मींड नाहीं, हें खरेंच आहे. परंतु ह्याच वाद्यावर गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनीं भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाची साथ केली आणि रसिकांची मान्यता मिळविली. वाद्याची मर्यादा ओळखून, जें त्याच्या हातीं आहे तें त्यांनीं पूर्णपणें वापरलें. संगणकावरील वाद्याला तर भाताहि आहे आणि मींडहि आहे. मात्र तीं दोन्ही आपण होऊन चालत नाहींत. जोडणारा कोणी तरी असावा लागतो, आणि जोडल्यावर त्यावर हात ठेवून गाणाऱ्याकडे कान देणाराहि असावा लागतो.

तेव्हां ज्यांच्या घरीं असें साधन आहे, त्यांनीं एक सोपा प्रयोग करून पाहावा. व्हायोलिनांचा एकच लांब स्वर घ्यावा, ७ हा क्रमांक १०० वर स्थिर ठेवावा, ११ च्या फेडरवर बोट ठेवावें, आणि घरांतील कोणी तरी अभंगाची एक ओळ म्हणत असतां तिच्या श्वासाबरोबर तें बोट वरखालीं न्यावें. पहिल्या दहा वेळां हात उशिरा पोंचेल. पुढें तो शब्दाच्या आधीं हलूं लागेल, आणि साथ करणें म्हणजे काय, हें त्या बोटाला कळूं लागेल.